विआनोरचं पिस्तूल

आमच्या गावात कुणी थाप मारली की लोक लगेच म्हणतात, "हे विआनोरचं पिस्तूल दिसतंय." ज्या पोरांना विआनोर नीट आठवतही नाही, तीसुद्धा म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. विआनोर मार्गियानी तोंडाळ होता, बढाईखोर होता, माझ्या ठरलेल्या लग्नाचा त्यानं बट्ट्याबोळ केला. पण तो खोटारडा नव्हता. आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यादेखत, आणि ते खोटं आहे हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

इतकी वर्षं मी गप्प राहिले, कारण गोष्ट आमच्या घरच्या पाहुण्याची होती. गेल्या पानगळीत त्या पाहुण्याची लेक परदेशातून आली, माझ्या चुलीपाशी बसून चहा प्याली आणि जाताना म्हणाली, "सांगा तुम्ही, माझी हरकत नाही." विआनोरला जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्याच्यासाठी उशीर झालाच, पण आता आणखी नको.

ज्या हिवाळ्यात राजधानीत तोफा चालल्या आणि राष्ट्राध्यक्षांना खुर्चीवरून हाकललं, त्या हिवाळ्यात ते आमच्या डोंगरांतून पळत होते. निघाले तेव्हा बरोबर चाळीस माणसं होती म्हणे. आमच्या दारात दुपारी येऊन उभे राहिले तेव्हा दोन उरली होती. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर शहरी कोट होता आणि पायात कुणाचे तरी मोठ्या मापाचे बूट. माझे वडील प्लातोन गुलबानी सुतार होते. त्यांना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते कळून घ्यायची इच्छाही नव्हती. दारात माणूस आला म्हणजे पाहुणा आला, एवढंच त्यांना पुरे होतं.

आमच्याकडे पाहुण्यानं उंबऱ्यावर आपलं हत्यार यजमानाच्या हाती द्यायचं असतं. यजमान ते चुलीजवळच्या खुंटीला टांगतो. तिथून पुढे पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी त्या घराची. निघताना यजमानानं स्वतःच्या हातानं ते पाहुण्याच्या कमरेला बांधून द्यायचं आणि गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. हत्यार ठेवून घेऊन पाहुण्याला वाटेला लावणं म्हणजे त्याला विकणं. याचा दुसरा अर्थ आमच्यात कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा राष्ट्राध्यक्षांना शिवेपर्यंत पोचवायला निघाले. विआनोर तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि आपल्या छपरावरचा बर्फ फावड्यानं ओढत होता. त्याच्या खालून ते चौघे गेले. राष्ट्राध्यक्षांच्या कमरेला पिस्तुलाचं कातडी घर होतं आणि ते रिकामं होतं. विआनोरची नजर घारीची. त्यानं जे पाहिलं ते खरं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी खिंडीपलीकडच्या एका झोपडीत राष्ट्राध्यक्ष मेलेले सापडले. कुणी म्हणालं सैनिकांनी गाठलं, कुणी म्हणालं थंडीनं गेले. आमच्या गावाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. विआनोरनं गावाला रिकामी कमर सांगितली आणि पुढचं गावानं आपल्या मनानं जोडलं. प्लातोननं पाहुण्याचं हत्यार ठेवून घेतलं. प्लातोननं पाहुणा विकला. बाबांना येऊन विचारणारे फार थोडे होते आणि त्यांना बाबा एकच वाक्य ऐकवायचे, "माझा पाहुणा माझ्या घरून स्वतःच्या पायांनी गेला." पिस्तूल त्यांनी मृत्यूची बातमी आली त्याच रात्री अंधारात नदीत फेकलं होतं. ते माझ्याशिवाय गावात कुणी पाहिलं नाही.

माझं लग्न तेव्हा वरच्या गावात ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की ज्या घरातून पाहुणा रिकाम्या कमरेनं गेला त्या घरची सून नको. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. आमच्याकडे मेजवानीत गावच्या मेलेल्या माणसांची नावं घेऊन पेले उचलतात. बाबा गेल्यावर त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. सतरा वर्षं मी त्या मेजवान्यांना जात राहिले, मुद्दाम, डोकं वर करून. नाव घेत नाहीत तर न घेवोत, पण माझं तोंड तरी त्यांना बघावं लागायचं.

बाबांनी पिस्तूल का दिलं नाही ते मला ठाऊक होतं. मी त्याच खोलीत होते.

मग एक दिवस राजधानीहून, त्बिलिसीहून, सिनेमावाले आले. दिग्दर्शिका होती इया नावाची मुलगी, तिशीतली, सतत थंडीनं नाक लाल झालेली. पदावरून काढलेला राष्ट्राध्यक्ष डोंगरांतून पळतो, असा तिचा सिनेमा. त्यासाठी ती दोन वर्षं डोंगरात फिरली होती, आणि आमच्या गावात आल्यावर कुणाच्या अंगणात बसली असेल? विआनोरच्या. त्यानं तिला छपरापासून रिकाम्या कमरेपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. तिनं ते तसंच लिहून घेतलं. वर त्याचा चेहरा तिला इतका आवडला की बाबांची भूमिका तिनं त्यालाच दिली.

विआनोर तोवर गावचा मोठा माणूस झाला होता. बांधाचं भांडण असो, गुरांचं असो, दोन घरांतलं जुनं वैर असो, मध्यस्थ म्हणून त्यालाच बोलवायचे. त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मी पाहिलं ते सांगतो, न पाहिलेलं सांगत नाही." त्यावर पाच गावं विश्वास ठेवायची. सिनेमात घेतल्यावर तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. मिशा वाढवल्या. बाबा चालायचे तसं किंचित वाकून चालायला लागला. दुकानात मीठ घ्यायला गेला तरी वाकूनच.

इया माझ्याकडे घर मागायला आली तेव्हा घाबरत आली. विआनोरनं तिला सांगून ठेवलं होतं की म्हातारी भडक आहे. चोपन्न वर्षांची म्हणजे म्हातारी. मी तिला घर दिलं. गावानं तोंडात बोटं घातली, माझा भाऊ शहरातून फोनवर ओरडला. पण मी सरळ विचार केला होता. माझ्या बापाला विश्वासघातकी दाखवणारच असतील, तर माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर दाखवू देत. दुसऱ्याच्या घरात त्यांनी काय केलं असतं ते मला सिनेमागृहात जाऊन कळलं असतं, आणि आमच्याकडे सिनेमागृह नाही.

राष्ट्राध्यक्षांचं काम करणारे करामान हे रंगभूमीवरचे जुने नट होते. उंच, थकलेले, फार कमी बोलणारे. ते माझ्याच घरी वरच्या खोलीत उतरले होते. पहिल्या दिवशी मी बटाटा आणि चीज घोटून वाढलं, तर जेवता जेवता त्यांनी एवढंच विचारलं की राष्ट्राध्यक्ष कुठं बसले होते. मी जागा दाखवली. त्यांनी ताट उचललं आणि तिथं जाऊन बसले. रोज तिथंच बसायचे. मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनीही खोदून विचारलं नाही.

तो प्रसंग घ्यायचा होता तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. वायरी, दिवे, एक पोरगी नुसती धूर करायला. खिडकीबाहेर सगळं गाव. इयानं लिहिलं होतं ते असं. सकाळची वेळ. पाहुणा निघालाय. यजमान खुंटीवरचं पिस्तूल काढतो, हातात घेतो आणि म्हणतो, "हे इथंच राहू दे." पाहुण्याला कळतं की आपण विकले गेलो.

पहिल्या खेपेला विआनोरनं पिस्तूल काढलं आणि सरळ करामान यांच्या कमरेला बांधलं. बाहेर हशा पिकला.

"विआनोर काका, द्यायचं नाहीये," इया म्हणाली.

"माहीत आहे गं. सवय."

दुसऱ्या खेपेला त्यानं वाक्य बरोबर म्हटलं आणि म्हणता म्हणता पिस्तूल पुढे केलं. तिसऱ्या खेपेला हात अर्ध्यावर थांबला आणि मग त्यानं दिलंच. चौथ्या खेपेनंतर इयानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो मान डोलवत राहिला. पाचवी झाली, सहावी झाली. सहाव्या खेपेला त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि बाहेरचं हसणं थांबलं होतं.

"अगं, मला कळतंय सगळं," तो म्हणाला, "पण हात ऐकत नाही. समोर पाहुणा उभा आहे, ह्या घरची भाकरी खाऊन. खेळातसुद्धा जमत नाही मला."

मी चुलीपाशी उभी होते. मधे बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलेलं होतं. पण तोंड माझं आहे, माझं कधी ऐकत नाही.

"तुला खोटं खोटंही जमत नाही ते माझ्या बापाला खरं खरं कसं जमलं असेल, विआनोर?"

विआनोर माझ्याकडे बघत राहिला. खिडकीबाहेरच्या चार-दोन जणांनी नजर खाली घातली, ते मी पाहून ठेवलं.

इया बिचारी गोंधळली. शेवटी करामानच म्हणाले की मी एकदा माझ्या पद्धतीनं करून बघू का. ती हो म्हणाली. तिच्याकडे दुसरा उपायही नव्हता.

सातव्या खेपेला ते दारापाशी उभे राहिलेच नाहीत. रोज जेवायला बसायचे त्या जागी बसले, बूट न घालता, नुसत्या मोज्यांत. बराच वेळ काही केलं नाही. मग हात पुढे केला, तळवा वर करून, आणि हळूच म्हणाले, "द्या ते." वाटेला निघालेला माणूस दाराकडे बघतो. करामान दाराकडे बघत नव्हते. कुणाकडेच बघत नव्हते. बाहेर जायचंच नाही असं ठरवलेला माणूस समोर बसला होता.

विआनोरनं पिस्तूल काढलेलं होतं. हात सवयीनं पुढे गेला. मग त्यानं त्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचा हात मागे आला. पिस्तूल त्यानं पाठीमागे लपवलं, लहान मुलापासून सुरी लपवावी तसं. करामान पुन्हा म्हणाले, "द्या." विआनोरनं नुसती मान हलवली. आणि मग कुणीही न सांगता तो गुडघ्यावर बसला, एका हातानं बूट ओढून घेतला आणि त्यांच्या पायात घालायला लागला.

"आधी बूट घाला, साहेब," तो म्हणाला. "खिंडीत बर्फ फार आहे. मी येतो शिवेपर्यंत."

माझ्या बापानं हेच केलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच होते. त्या सकाळी राष्ट्राध्यक्ष रडत होते, पिस्तूल मागत होते आणि बाबा त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते.

इयानं टाळ्या वाजवल्या. हवं ते मिळालं होतं तिला, यजमानानं पिस्तूल दिलं नव्हतं. विआनोर मात्र उठला नाही. पिस्तूल पाठीमागे धरून तसाच गुडघ्यावर बसून राहिला, आणि मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलून गोठ्यात निघून गेले.

थोड्या वेळानं तो गोठ्यात आला. मी धार काढत होते, थांबले नाही.

"त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं," तो म्हणाला.

मी दुसरा सड धरला.

"दाली, हो की नाही एवढं सांग."

"तो पाहुणा होता आमचा."

त्याला तेवढं पुरलं. आमच्याच मातीतला माणूस, अजून काय सांगायचं असतं? गव्हाणीच्या कडेवर बसला आणि टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग विचारलं, प्लातोनकाका बोलले का नाहीत? अकरा वर्षं होती त्यांच्याकडे.

"काय बोलायचं होतं?" मी म्हटलं. "घरी आलेला पाहुणा खचला, रडला, जीव द्यायला निघाला, हे गावभर सांगत फिरायचं? स्वतःचं नाव धुवायला पाहुण्याची अब्रू वापरायची? तू केलं असतंस?"

"नाही."

"मग झालं तर."

"मी सांगतो गावाला. मीच सुरू केलं, मीच निस्तरतो."

"खबरदार," मी म्हटलं. "बापानं मरेपर्यंत जे झाकलं ते तू चव्हाट्यावर आणलंस, तर तुझं तोंड बघणार नाही. तू पाहिलंस ते खरं होतं, विआनोर. तुझी चूक एवढीच की पाहिल्यावर गप्प बसला नाहीस."

मी दोन गाईंची धार काढली. मग तो उठला, दूध सांडणार नाही अशा बेतानं माझी बादली बाजूला सरकवली आणि गेला. खरं सांगायचं तर तो गेला तेव्हा मला बरं वाटलं. त्याला कळलंय एवढ्यावर मी समाधानी होते. निदान एका माणसाला तरी कळलं, असं म्हणून मी त्या दिवशी चांगली जेवले.

तिसऱ्या दिवशी शूटिंग संपलं आणि दुपारी शाळेच्या अंगणात मेजवानी झाली. लांबच लांब टेबल, मांस भरलेल्या कुब्दारी रोट्या, घरी गाळलेली अराक, सिनेमावाले आणि सगळं गाव. तमादा नेहमीप्रमाणे विआनोर, म्हणजे कुणाच्या नावानं पेला उचलायचा ते तोच सांगणार आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी चूप बसायचं. देवाच्या नावाचा पेला झाला, शांततेचा झाला, पाहुण्यांचा झाला. मग मेलेल्यांचा आला. विआनोर एकेक नाव घेत गेला आणि शेवटी थांबला. मी ताटं घेऊन त्याच्या समोरच्या बाजूला उभी होते.

"एक नाव राहिलंय," तो म्हणाला. "माझ्यामुळे राहिलंय. त्या सकाळी मी छपरावर होतो. राष्ट्राध्यक्ष माझ्या खालून गेले. पिस्तूल त्यांच्या कमरेला होतं. प्लातोन गुलबानीनं स्वतःच्या हातानं बांधून दिलेलं. मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

लोकांना आधी काही समजेना. जोकिया नावाचा म्हातारा टेबलाच्या टोकाला बसलेला होता. विआनोरनं दहा वर्षांपूर्वी एका बांधाच्या भांडणात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्यानं विचारलं, का बोललास खोटं?

"पोटात दुखलं," विआनोर म्हणाला. "राष्ट्राध्यक्ष आमच्या दारावरून पुढे गेले आणि प्लातोनकाकांच्या दारी उतरले. चोवीस वर्षांचा होतो. सहन झालं नाही."

"आणि माझ्या बांधाचा दगड? तोही असाच पाहिला होतास का?"

विआनोरनं तोंड उघडलं. त्याला सांगता आलं असतं की दगड मी खरंच पाहिला होता. पण ज्यानं आत्ताच स्वतःला खोटारडा म्हटलंय त्याच्या 'खरंच'ला काय किंमत? त्यानं तोंड मिटलं. त्याच्या सगळ्या निवाड्यांवर, पाच गावांतल्या सगळ्या साक्षींवर त्यानं त्या एका क्षणात पाणी सोडलं होतं, आणि ते त्याला नीट माहीत होतं. त्यानं पेला वर धरला.

"प्लातोन गुलबानी," तो म्हणाला.

बाकं सरकली आणि सगळं टेबल उभं राहिलं. म्हातारे उभे राहिले, सिनेमावाले उभे राहिले, ज्या घरानं माझं लग्न मोडलं होतं त्या घरचा एक जण होता, तोही उभा राहिला. एकानंतर एक माझ्या बापाचं नाव घेत गेले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

मी एक शब्द बोलले असते तर विआनोर वाचला असता. तो माझ्याकडे बघतही नव्हता, मला बोलणं भाग पडू नये म्हणून. आणि मी नाही बोलले. अठ्ठावीस वर्षांनी माझा बाप त्या टेबलाशी मान वर करून उभा होता, त्याला पुन्हा खाली बसवायची माझी छाती झाली नाही. पाहुण्याची अब्रू, बापाचा शब्द, ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मला फक्त ते नाव ऐकायचं होतं, आणखी एकदा, आणखी एकदा.

लोक खाली बसले आणि जोकियाला तमादा केलं. विआनोरला कुणी ऊठ म्हणालं नाही, पण त्याच्या शेजारचे दोघे उठून दुसरीकडे जाऊन बसले. त्याचा पेला भरायला कुणी हात पुढे केला नाही. मी बापाच्या नावानं लोकांना वाढत होते, एकेकाच्या पाया पडायचंच बाकी होतं. विआनोरची आठवण झाली तेव्हा मी सुरई घेऊन वळले, तोवर तो टोपी घालून घरी निघून गेला होता.